रिकाम्या टाकीचा खुराक

गोडाऊनमध्ये आलेला माल आज ना उद्या उचलला जातो. मालाबरोबर उतरलेले किस्से मात्र न्यायला कोणी येत नाही. ते तिथेच पडून राहतात, एकावर एक थप्पी लागत जाते आणि त्यांना डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा दंडसुद्धा लागत नाही! मी भिवंडीजवळ राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये काही वर्षं बिल्ट्या फाडल्या, म्हणजे ट्रकमध्ये चढणाऱ्या मालाच्या पावत्या केल्या. मोबाइल नुकते खिशात मावायला लागले होते आणि इंटरनेटसाठी सायबर कॅफेत जावं लागायचं, तेव्हाची ही गोष्ट. नोकरी सुटली, थप्पी डोक्यात राहिली. माझा नवरा म्हणतो, आता तिला उंदीर लागले असतील. लागू देत! आज त्यातली सगळ्यात वरची गोणी सोडते. हिच्यात एक काचेची टाकी आहे, आणि त्या टाकीत मासे नाहीत.

*

आमचे मालक अण्णाशेठ. वडिलांच्या काळात घरी भातशेती आणि खाडीत जाळं. पुढे शेतांवर गोडाऊन उभी राहिली आणि अण्णाचे अण्णाशेठ झाले. नवीन ऑफिस बांधलं तेव्हा एक वास्तुवाले आले, ईशान्य कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "इथे जिवंत पाणी पाहिजे." शेठना तेवढं पुरलं. चार फुटी टाकी आली, मोटर आली, तोंडातून बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा बेडूक आला आणि त्याच संध्याकाळी डझनभर गोल्डफिश पिशव्यांतून टाकीत उतरले.

सगळी जबाबदारी मिलिंदवर. मिलिंद आमचा डिस्पॅच सुपरवायझर. केमिस्ट्रीचा बी.एस्सी. आणि जगातल्या कुठल्याही विषयावर "मला माहितीये" म्हणून सुरुवात करणारा. तीन-चार दिवसांत मासे उलटे झाले. त्याने दुसरी खेप आणली, तीही उलटी झाली.

दुसरी खेप तरंगत होती त्या दिवशी ऑफिसात बय आली. बय म्हणजे अण्णाशेठची आई. भिवंडीच्या बाजारात अर्धं आयुष्य मासळीची पाटी घेऊन बसलेली बाई. मुलगा शेठ झाला तरी बयने कोयता काही माळ्यावर टाकला नव्हता. सगळा स्टाफ तिला अगंतुगं करायचा, कारण अहोजाहो केलं की ती मागे वळून पाहायची, कोण आलंय म्हणून.

बयने टाकीत हात घातला, एक मासा शेपटीला धरून उचलला, कल्ले उघडून पाहिले, नाकाशी नेला आणि मिलिंदला म्हणाली, "परवाच गेलाय ह्यो. ताजा होता तवाच सांगायचं न्हाय का रं!"

*

मिलिंदला ते फार लागलं. दोन-तीन संध्याकाळी तो सायबर कॅफेत जाऊन बसला आणि मग एका बुधवारी ऑफिसच्या मधोमध उभा राहून त्याने प्रवचन दिलं. मासे पाण्यात खातात आणि पाण्यातच घाण करतात. त्या घाणीचा अमोनिया होतो आणि त्यानेच मासे मरतात. जुन्या टाकीत हा अमोनिया खाऊन टाकणारे जंतू असतात. नव्या टाकीत ते नसतात. म्हणून आधी जंतू वाढवायचे आणि मग मासे आणायचे.

"आणि मासे नाहीत तोवर जंतूंनी खायचं काय?" मी विचारलं.

"अमोनिया! आपण बाहेरून घालायचा. रोज, मोजून. कमी झाला तर जंतू उपाशी, जास्त झाला तर जंतूच खलास."

नेमकी बय तिथे होती. दर बुधवारी स्टाफला तिच्या हातचं कालवण असायचं. श्रावण नुकताच संपला होता आणि श्रावणानंतरचा पहिला डबा घेऊन ती स्वतः आली होती. तिने सगळं प्रवचन शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे मासं न्हाईत," ती म्हणाली, "पन त्यांच्या मुताची येवस्था आधी!"

ऑफिस हसून फुटलं. शेठ खुर्चीतून घसरले. आणि बय ताटं वाढता वाढता आणखी बोलली, "दोन डझन मारलंस बाबा. तुला कालवन वाढावं का न्हाय, तेच कळंना मला."

आता हे लक्षात घ्या, की मिलिंद मासळीसाठी वेडा माणूस. सुरमईच्या डोक्यासाठी त्याने एकदा स्वतःची सुट्टी दुसऱ्याला देऊन टाकली होती. त्या माणसाने समोरचं बोंबलाचं ताट हाताने लांब सारलं!

"बय, या टाकीत मासे जगल्याशिवाय मी मासा तोंडात घालणार नाही!"

"जगलं म्हंजे किती?" बय व्यवहाराला पक्की.

"तू सांग."

"पुनव ते पुनव." खाडीवरच्या माणसांचं कॅलेंडर चंद्रावर चालतं.

"मंजूर!"

त्याच्या वाटचे बोंबील माझ्या ताटात आले. मी त्या क्षणापासून विज्ञानाच्या बाजूची झाले.

*

अमोनिया आणायचा कुठून? बयचं म्हणणं, "एक कोलंबी टाक पान्यात. दोन दिसांत असा वास सुटंल, का तुजं जंतू उंबऱ्याशी येऊन उभं राहतील." गंमत म्हणजे मिलिंद म्हणाला की इंटरनेटवरही तसंच लिहिलंय, कोलंबी सडवली तरी चालते. तेव्हा बय एकदम उसळली. "चांगली कोलंबी सडवायची? खायची सोडून? मी जित्ती हाय तवर न्हाय!"

शेवटी मला आठवलं, की नकाशांच्या प्रिंट काढणारे अमोनिया वापरतात. तेव्हा जमिनींचे निळे नकाशे अमोनियाच्या मशीनवरच निघायचे आणि भिवंडीत तेव्हा जमिनीचे नकाशे वडापावसारखे खपायचे. शेठच्या नवीन गोडाऊनच्या प्रिंट आणायला मला जायचंच होतं. मिलिंद बरोबर आला.

दुकानदाराने डोळे चोळत विचारलं, "किती कॉप्या?"

"कॉपी नको. बाटलीभर अमोनिया पाहिजे. मासे पाळायचेत."

दुकानदाराने आधी मिलिंदकडे पाहिलं, मग माझ्याकडे, या माणसाला घरचं कोणी आहे का अशा नजरेने. "साहेब, माझ्या दुकानात मच्छर टिकत नाही. तुम्ही मासे ठेवणार?"

तरी बाटली मिळाली. परतताना सिक्स सीटरमध्ये आम्ही नेहमीसारखे दहा-अकरा जण कोंबलेले. मिलिंदने बाटली मांडीवर धरलेली आणि तिचं बूच ढिलं! पहिल्या खड्ड्याला माझे डोळे भरून आले. दुसऱ्या खड्ड्याला समोरच्या बाईंचे. मग एक म्हातारे नाक पुसायला लागले. थोड्या वेळात अख्खी रिक्षा मुसमुसत होती आणि नक्की काय होतंय ते कोणालाच कळत नव्हतं. ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि रिक्षा बाजूला घेतली. टोपी काढली आणि हळूच विचारलं, "भाईजान, कौन गुजर गया?"

मिलिंद डोळे पुसत म्हणाला, "मछलियाँ. चौबीस थी."

ड्रायव्हरने त्याच्याकडून भाडं घेतलं नाही.

*

कुर्ल्याच्या एका माशांच्या दुकानातून मिलिंदने तपासणीचं किट आणलं. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, बाटलीतले थेंब टाकायचे, हलवायचं. पाणी पिवळं राहिलं तर अमोनिया नाही. हिरवं झालं तर आहे. जेवढं गडद हिरवं, तेवढा जास्त. फिका पोपटी झाला की पुरे, त्याच्या पुढे जायचं नाही, असा हिशेब. मिलिंद संध्याकाळी ड्रॉपरने मोजून अमोनिया घालायचा आणि सकाळी तपासायचा.

पण सकाळी नळी गडद हिरवी! त्याने डोस कमी केला. दुसऱ्या दिवशी आणखी गडद. आणखी कमी केला, आणखी गडद. शेवटी एक दिवस त्याने काही घातलंच नाही, तरी सकाळी नळी अशी हिरवीगार, की बाजूला लावलेल्या रंगाच्या कार्डावर तो रंगच सापडेना. मिलिंदने सायबर कॅफेचे कागद पुन्हा वाचले. मला म्हणाला, "सुनीता, हे विज्ञानाच्या बाहेर चाललंय."

त्याचा चेहरा बघवत नव्हता. समोर बुधवारचा डबा उघडलेला, भरल्या पापलेटचा वास सुटलेला, आणि हा डाळभातावर लोणचं घेऊन नळीकडे बघत बसलेला.

उलगडा झाला तो एका सकाळी मी लवकर पोचले म्हणून. आमचे वॉचमन रहमतचाचा, उत्तर प्रदेशातले, पांढऱ्या दाढीचे, मुंगीलाही वळसा घालून जाणारे. चाचा टाकीपाशी उभे होते आणि बाटलीचं बूच भरभरून अमोनिया पाण्यात ओतत होते. वर पुटपुटत होते, "खाओ, खाओ."

मिलिंद आल्यावर मी चाचांना उभं केलं. चाचा बिनधास्त. "साहब, आप ही तो बोले थे, रोज खिलाना है. रात का खाना आप देते थे, नाश्ता मैं दे देता था."

"चाचा, पण उसमें कोई है ही नहीं अभी!" मिलिंद ओरडला.

"है नहीं या दिखते नहीं?"

मिलिंद अडकला. कारण प्रवचनात त्यानेच सांगितलं होतं, की जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. चाचा जाता जाता म्हणाले, "जो दिखता नहीं, उसको भूख नहीं लगती क्या?"

अर्धं पाणी काढून टाकावं लागलं. ते चाचांनी ऑफिसमागच्या लिंबाला घातलं. त्या वर्षी त्या लिंबाला एवढी लिंबं लागली, की फांद्यांना टेकू द्यावे लागले!

*

पैज लागली म्हटल्यावर बय लक्ष ठेवायला वरचेवर यायला लागली. नंबर तिला कळत नव्हते, पण रंग कळत होते. तिने कार्डाकडे ढुंकूनही न बघता स्वतःचं माप तयार केलं. गडद हिरवं ते पालक. फिकं हिरवं ती कैरी. पिवळं ती हळद. पुढे मिलिंदने दुसरी नळी दाखवली. जंतू अमोनिया खाऊन आणखी एक विष तयार करतात आणि ते खायला दुसरे जंतू लागतात. त्याची नळी जांभळी व्हायची. बय म्हणाली, "हे वांगं."

झालं, ऑफिसात तीच भाषा रुजली. शेठ बाहेरगावहून फोन करायचे आणि आधी टाकीची चौकशी करायचे, मग ट्रकची. एकदा केबिनमध्ये नाशिकचा ट्रान्सपोर्टवाला बसलेला असताना फोन आला. शेठ तिकडून ओरडत होते, मी इकडून.

"पालक किती हाय अजून?"

"पालक गेला शेठ! कालपासून कैरी आहे!"

"आन् वांगं?"

"वांगं भरपूर!"

"वांग्याला हात लावू नका, मी येतो!"

नाशिकवाल्याने चहाचा कप खाली ठेवला. बाहेर जाऊन त्याने आमच्या ड्रायव्हरला कोपऱ्यात घेतलं. "शेठने भाजीची लाईन चालू केली, आणि आम्हाला पत्ता नाही?"

*

खरी पंचाईत व्हायची बाहेरची पार्टी आली की. एवढी मोठी टाकी, लाइट लावलेला, बेडूक बुडबुडे सोडतोय आणि आत कोणी नाही! एकदा सुरतचे एक बडे कापडवाले आले. त्यांनी टाकीकडे पाहून विचारलं, "मछली कहाँ है?"

आता शेठनी खरं सांगायचं, की आम्ही जंतू पाळलेत? शेठ म्हणाले, "हैं ना. शरमाती हैं. बेडूक के पीछे बैठती हैं."

कापडवाले गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. बराच वेळ वाकून राहिले. आम्ही सगळे आपापल्या कागदांत तोंडं खुपसून बसलो. मग एकदम त्यांचा आवाज आला, "हाँ! एक दिखी! काली वाली!"

शेठ म्हणाले, "वही. वही थोड़ी बाहर आती है."

पार्टी गेली. शेठ बाहेर आले, इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतः टाकीपुढे वाकले. मिलिंदही वाकला. चाचा तर केव्हाचे वाकलेले होते. मीही जाऊन बघून आले. काय सांगावं!

*

दसऱ्याच्या सुमाराला गाडी रुळावर आली. संध्याकाळी अमोनिया घातला की सकाळी हळद. वांगं तेवढं जायचं राहिलं होतं आणि तेही रोज फिकं होत होतं. मिलिंदची कळी खुलली. मला म्हणाला, "अजून थोडे दिवस. मग मासे. मग पुनव ते पुनव. आणि मग सुनीता, मी आधी डोकं खाणार. सुरमईचं."

आमच्याकडे खंडेनवमीला सगळी हत्यारं धुतात. शेतकऱ्याचा नांगर, कोळ्याचं जाळं, तसे आमचे ट्रक, वजनकाटा, हातगाड्या, झाडून सगळं धुऊन-पुसून दसऱ्याच्या पूजेला ठेवायचं. त्या दिवशी मिलिंद पडघ्याला गाडी सोडवायला गेला होता. बय सकाळपासून पदर खोचून कामाला लागली होती. सगळं धुऊन झालं आणि तिची नजर टाकीकडे गेली.

मिलिंद परत आला तेव्हा टाकी नव्या नवरीसारखी चमकत होती. काच लख्ख. पाणी नवं, नळाचं. मोटरवरचा काळपट, बुळबुळीत स्पंज धुण्याच्या पावडरीत घासघासून, पिळून, उन्हात वाळवून परत बसवलेला. बेडकाला हळदकुंकू. वर झेंडूची माळ. आणि बाजूला बय उभी, हात कोपरापर्यंत ओले, तोंडभर हसू.

"किती मळला व्हता रं त्यो इसपंज! बघ आता!"

मिलिंद तिथल्या गोणीवर बसला. ते सगळे जंतू त्या मळातच राहत होते. श्रावण संपल्यापासून वाढवलेले, पालकाचे, कैरीचे, वांग्याचे. सगळे पावडरीत गेले.

"बय," तो म्हणाला, "मी चोवीस मारले होते. तू आज लाखांनी मारलेस."

तो चिडून बोलला असता तर आम्ही हसलोही असतो. पण तो नुसताच बोलला. मला त्याची फार दया आली आणि बयची त्याहून जास्त. तिचं हसू आधी तोंडावरच राहिलं, मग हळूहळू गेलं. तिने ओले हात पदराला पुसले. म्हणाली, "मला दिसलं असतं तं हात लावला नसता रं."

मग थोड्या वेळाने, बादल्या आवरता आवरता, कोणाकडेही न बघता म्हणाली, "तुजं मासं जगत न्हाईत तवर मीबी मासा खायाची न्हाय."

*

हे तुम्हाला साधं वाटेल. पण बयने मासे सोडले म्हणजे काय, हे गावाला विचारा! ज्या बाईला उपासाच्या दिवशी पहाटेपासून दुसऱ्या दिवसाच्या बोंबलाची काळजी, ती बाजारात जाऊन दुधी आणायला लागली. पहिल्या आठवड्यात मासळीबाजारातल्या दोन बायका घरी आल्या, बयच्या उशाशी बसून रडून गेल्या. दुसऱ्या आठवड्यात अंबाडीहून तिची लेक मोसंबी घेऊन आली आणि येताना डॉक्टरलाही घेऊन आली. डॉक्टरांनी नाडी बघितली, छाती बघितली, जीभ बघितली. म्हणाले, "काहीच नाही झालेलं."

लेक म्हणाली, "डॉक्टर, नीट बघा. मासं खात न्हाय ती!"

आमचा बुधवारचा डबा बंद झाला तो झालाच. पण खरे हाल अण्णाशेठचे. एक दिवस ते केबिनमधून बाहेर आले, मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवला आणि एवढा मोठा सहा गोडाऊनचा मालक अक्षरशः काकुळतीला आला.

"मिलिंद, काय लागंल ते सांग. मोटर पायजे, मोटर घे. मुंबैचा मानूस पायजे, बोलव. काय वाटंल ते कर बाबा. घरात रोज दुधी हाय!"

*

मिलिंद म्हणाला, पुन्हा पहिल्यापासून जंतू वाढवायचे तर फार वेळ जाईल. एक जवळचा रस्ता आहे. ज्याच्याकडे जुनी टाकी आहे, मासे नीट आहेत, त्याच्या टाकीतला मळलेला स्पंज आणायचा आणि आपल्यात पिळायचा. त्याच्या घाणीत तयार जंतू असतात.

"घान पायजे?" बय म्हणाली. "एवढंच ना?"

दुसऱ्या दिवशी बय एकटीच घराबाहेर पडली. कोणाकडे टाकी आहे याची तिने गावभर चौकशी केली. शेवटी तिला कळलं, की एका बिल्डरच्या बंगल्यात फार जुनी, फार मोठी टाकी आहे. बय थेट बंगल्यावर गेली. बिल्डरच्या बायकोने दार उघडलं. नऊवारी, कपाळभर कुंकू, काखेत जुनी मासळीची पाटी. बिल्डरीणबाईंना वाटलं, मासे विकायला आली.

बय अदबीने म्हणाली, "बाय, तुमच्याकडं लई घान हाय, आसं ऐकलं."

त्यापुढे तिथे काय झालं, याच्या दोन-तीन आवृत्त्या आहेत. दार बंद झालं होतं, हे सगळ्यांत सारखं आहे. पण बय हटणाऱ्यांतली नव्हे. तिने ओटीवर बसून, दाराच्या फटीतून, तिच्या शब्दांत मिलिंदचं पूर्ण प्रवचन बिल्डरीणबाईंना ऐकवलं. दुपारी ती ऑफिसात आली तेव्हा डोक्यावर पाटी होती. पाटीत ओलं फडकं आणि फडक्यात, एकेकाळी ती खाडीतला जित्ता जिताडा मासा जपून आणायची तसा, एक काळाकुट्ट, घाणेरडा, बुळबुळीत स्पंज.

"पानी मारत आनलाय," ती मिलिंदला म्हणाली. "बघ, जित्ते हायत का."

मिलिंदने स्पंज टाकीत पिळला. अमोनिया घातला, थेंब मोजून, फिक्या कैरीपर्यंत. दुसऱ्या सकाळी आम्ही सगळे नळीभोवती उभे होतो. नळी बयनेच धरली आणि खिडकीच्या उजेडात उंच केली.

"कैरी," ती म्हणाली. "पन कालच्यापरीस पिकली हाय."

दिवाळी झाली तेव्हा सकाळची नळी रोज हळद यायला लागली होती. त्यानंतर वांगंही गेलं. मिलिंदने मुद्दाम एकदा नेहमीपेक्षा जास्त अमोनिया घालून पाहिला, तोही रातोरात साफ. कार्तिकातल्या पुनवेला सहा गोल्डफिश टाकीत उतरले. चाचांनी त्यांना पाहिलं आणि मिलिंदला विचारलं, "और वो पुरानेवाले?"

"वो भी हैं, चाचा."

"हाँ," चाचा समाधानाने म्हणाले. "मेहमान आए तो घरवालों को थोड़ी निकालते हैं."

*

ती पुनव ते पुनव कशी गेली ते आम्हालाच माहीत. बय रोज सकाळी यायची आणि मासे मोजायची. मोजताना बोट काचेला लावायची, आणि मासे तिच्या बोटामागे यायला लागले. त्यातला एक, शेपटीला पांढरा डाग असलेला, एकदा दोन दिवस कोपऱ्यात गप्प बसून होता, तर बयही दोन दिवस कोणाशी बोलली नाही. शेठ देवाला नवस बोलले. सहाच्या सहा जगले.

पुनव गेली. बुधवार आला. बय डबे घेऊन आली ते दोन माणसांनी उचलून आणले. सुरमईची तुकडी, बोंबील फ्राय, कोलंबीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, आणि मिलिंदसाठी वेगळ्या वाडग्यात सुरमईचं डोकं. टाकीसमोरची दोन टेबलं जोडून आम्ही पंगत मांडली. चाचांना खास बोलावून बसवलं. शेठ तर बाह्या सरसावून केव्हाचे तयार होते.

मिलिंदने वाडगं पुढे ओढलं.  श्रावण संपल्यापासून ज्याची वाट पाहिली तो घास त्याने मोडला, रश्श्यात बुडवला आणि तोंडाजवळ नेला.

"थांब!" बय म्हणाली.

सगळ्यांचे हात थांबले. शेठ रडकुंडीला आले. "आता काय राहिलं, बय?"

 ती उठली. चाचांच्या खांद्यावरचा पंचा ओढून घेतला, झटकला आणि टाकीवर पुढून टाकला. चार फुटी टाकीला तो पुरेना, तेव्हा शेठच्या खुर्चीवरचा टॉवेल आणून जोडला. दोन्हींची टोकं काचेच्या कडेला नीट खोचली. खाली वाकून, कुठे फट राहिली नाही ना, ते पाहिलं.

मग ती परत येऊन बसली आणि आपलं ताट पुढे ओढलं.

"हां. आता जेवा," ती म्हणाली. "आन् जरा हळू बोला."